एका जिल्दीतली दोन पुस्तकं

मी नांदेडला एका कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या वर्षापर्यंत मला माझ्या गावाचा इतिहास तोंडपाठ होता. आता कुणी विचारला तर मी पावसापाण्याचं बोलायला लागते.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, मुरुडच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. गावाला किल्ला नाही, लेणी नाहीत, कुणी मोठा संतही आमच्याकडे जन्माला आला नाही. आहे ती एका पोराची हकिकत. निजामाच्या काळात आमची शाळा मारुतीच्या देवळात, सभामंडपात भरायची. गावाबाहेरच्या वस्तीतलं एक पोर शिकायला यायचं, पण त्याला देवळात पाऊल ठेवायची बंदी, म्हणून ते बाहेर ओट्यावर बसायचं. एके दुपारी आत पोरं पाढे घोकत होती. ओट्यावरच्या पोराला खळ्यांच्या बाजूनं धूर दिसला. त्यानं हाका मारल्या, पण पाढ्यांच्या गलक्यात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. लिंबाच्या झाडाला शाळेची घंटा टांगलेली होती. तिला हात लावायचीही त्याला मनाई होती. त्यानं दगड उचलला आणि घंटा बडवत सुटला. गाव धावलं, कडब्याच्या गंजी वाचल्या, मागची घरं वाचली. मास्तरांनी बाहेर येऊन पोराचा हात धरला, त्याला आत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

ही हकिकत आमच्या गावात कुणीही सांगेल. तिच्यावरून एक रिवाजही पडलाय. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या सकाळी, झेंडावंदनाआधी शाळेची प्रभातफेरी लेझीम खेळत त्या वस्तीत जाते. आता तिथं बुद्धविहार आहे, पक्की घरं आहेत. फेरी एका ठरलेल्या दारात थांबते. त्या घरातलं एक लेकरू पुढे होतं, सगळं गाव त्याच्या मागून शाळेत येतं आणि ते लेकरू घंटेला पहिला टोल देतं. त्यानंतरच झेंडा वर जातो.

माझ्या लहानपणी हा मान माझ्या वर्गमैत्रिणीचा होता. ओट्यावरचं पोर म्हणजे तिचे आजोबा. मी हेडमास्तरांची मुलगी. भाषण मला, कविता मला, पाहुण्यांना फूल द्यायलाही मीच. पण टोल तिचा. दरवर्षी तिला घंटेपाशी उभी बघून माझा जळफळाट व्हायचा, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. हातोडी उचलण्याआधी ती हटकून माझ्याकडे बघायची.

रिवाज सुरू केला तो माझ्या वडिलांनी. अण्णा त्या शाळेत आले तेव्हा तरुण होते आणि त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचा भारी नाद. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास इतिहासाचा असायचा. त्या तासाला ते कपाटातून एक जाड पुस्तक काढायचे. त्याला खारव्याच्या जाड लाल कापडाची जिल्द होती, पुठ्ठ्यावर ना लेखकाचं नाव ना पुस्तकाचं. आत राजे, किल्ले, लढाया, वेढे, आणि सगळ्यात शेवटी ही घंटेची हकिकत. लेखक शंभर वर्षांपूर्वीचा कुणीतरी आहे, एवढंच अण्णांना माहीत होतं. पुस्तकात गावाचं नाव नव्हतं. पण मारुतीचं देऊळ, लिंबाचं झाड, ओटा, पूर्वेला खळी, सगळं जुळत होतं.

गेल्या वर्षी शाळेला शंभर वर्षं होणार म्हणून समिती बसली. अध्यक्ष आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी, लातूरला त्यांचं खताचं दुकान आहे. त्यांनी मला फोन केला. "ताई, स्मरणिका काढायलोय. घंटेच्या पोरावर तुम्हीच लिवा. पण पुराव्यासकट. आता पाटी लावायचीय, दगडावर कोरायचं म्हनल्यावर तारीख-वार पायजे."

मला बरं वाटलं. इतकी वर्षं परक्या राजांच्या तारखा फळ्यावर लिहिल्या, एक तारीख आपल्या गावचीही लिहावी. अण्णांचं ते लाल पुस्तक शाळेच्या कपाटात होतंच, पण त्याला पहिलं पान नव्हतं. म्हणून नांदेडच्या एका जुन्या ग्रंथालयात मी त्याची दुसरी प्रत शोधायला गेले. लढायांच्या प्रकरणांवरून ग्रंथपालांनी लेखक लगेच ओळखला. म्हणाले, "तुम्ही शोधून राहिलात ते इतिहासाचं पुस्तक हे. याच लेखकाचं दुसरं पण आहे, शाळेच्या गोष्टींचं. ते पण काढू?"

मी म्हटलं, काढा, बघू तरी.

पहिलं पुस्तक उघडलं. राजे, किल्ले, लढाया, सगळं ओळखीचं. शेवटचा वेढा उठला आणि पुस्तक संपलं. घंटेची हकिकत नव्हतीच. मला वाटलं, या प्रतीची पानं गेली असतील. पण शेवटी चांगलं ठसठशीत 'समाप्त' छापलेलं होतं. मग दुसरं उघडलं, तर पहिलीच गोष्ट आमची. देऊळ, लिंब, ओटा, धूर. ते मुलांच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या काल्पनिक गोष्टींचं पुस्तक आहे, असं लेखकानं सुरुवातीलाच कबूल केलं होतं. पुढच्या पानावर पुस्तक छापल्याचं साल होतं. आमची शाळा निघायला तेव्हा कितीतरी वर्षं अवकाश होता. ना शाळा होती, ना घंटा. माझ्या मैत्रिणीचे आजोबा जन्मायचे होते.

मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसले. डोक्याचं पार भजं झालं होतं. हळूहळू उलगडा झाला तो असा. त्या काळी उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची फाटकी पुस्तकं गठ्ठ्यात बांधून लातूरच्या जिल्दवाल्याकडे जायची. पातळ पुस्तकांना वेगवेगळी जिल्द कोण देणार? एकाच आकाराची, सारख्या छपाईची दोन दिसली की तो ती एकत्र शिवून, कडा कापून, वर खारवा चढवून द्यायचा. इतिहासाचं शेवटचं पान, गोष्टींच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं आणि पहिल्या गोष्टीपुढचं सगळं आधीच फाटून गेलं असणार. वेढा उठला की लगेच पुढच्या पानावर आमचं देऊळ. मधे कुंपणच राहिलं नाही.

लेखकालाही काय म्हणावं! त्याची दोन्हीकडची भाषा एकच. इथेही बालमित्रांनो, तिथेही बालमित्रांनो. त्याच्या इतिहासातले राजे वर्गातल्या मॉनिटरसारखे बोलतात आणि शाळेतली पोरं सेनापतीसारखी. वाईट मुलाला शेवटून दुसऱ्या पानावर ताप येतो आणि शेवटच्या पानावर तो सुधारतो. छडीवाल्या प्रत्येक हेडमास्तराच्या डोळ्यांत एकदा तरी पाणी येतंच. हा गृहस्थ कोण, कुठला, आमच्या भागात कधी आला होता का, हे ग्रंथपालांना माहीत नव्हतं. उलट त्यांनी माझ्या गोंधळात भरच घातली. "मागं धर्माबादकडचे एक गुरुजी आले होते," ते म्हणाले, "त्यांचं म्हणणं, ही त्यांच्याच गावची हकिकत आहे. देऊळ, लिंब, सगळं जुळते म्हणे."

जुळणारच. मारुतीचं देऊळ आणि लिंबाचं झाड नसलेलं गाव मराठवाड्यात शोधून दाखवावं.

मग मी गोष्टीचं शेवटचं पान वाचलं. हे पान आमच्या लाल पुस्तकात नव्हतं. आग विझते, मास्तर पोराला लांबूनच शाबासकी देतात, त्याला एक नवी पाटी बक्षीस मिळते. दुसऱ्या दिवशी शाळा भरते आणि पोर नवी पाटी घेऊन आनंदानं पुन्हा आपल्या ओट्यावर जाऊन बसतं. गोष्ट तिथे संपते. हात धरून आत नेणं नाही, पहिली रांग नाही. लेखकाला त्यात काही खटकलेलं दिसत नव्हतं. मी ते पान परत परत वाचलं आणि मला संताप आला. कुणाचा आला ते मात्र सांगता येईना. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

अण्णा आता लातूरला माझ्या भावाकडे असतात. वय झालंय, पण आवाज अजून वर्गातला आहे. सकाळी पेपर वाचतात तो शेजारच्यांना घ्यावा लागत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अण्णा, शेवटचं पान तुमच्या पुस्तकात होतं का?"

"न्हवतं. जिल्द बांधायला दिली तवाच न्हवतं."

"मग मास्तरांनी पोराला आत नेलं, हे कुठून आलं?"

"शनिवारचा तास," अण्णा म्हणाले. "सुटायची येळ झालेली, पोरं माझ्या तोंडाकडं बघायलेत. त्या लेकराला भाईर ठिवून तास संपवू का?"

"म्हणजे तुम्ही शेवट बनवलात."

"बनवला न्हाई." ते चिडले. "तसंच झालं असणार. एवढं करून त्याला भाईर कोन ठेवील?"

अण्णा खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांचा स्वतःचा मास्तर तसा नव्हता, ते स्वतः तसे नव्हते, म्हणून पुस्तकातलाही नसणार, असा त्यांचा सरळ हिशेब. मी विचारलं, मग हे मैत्रिणीचे आजोबाच, हे कसं ठरलं? त्यावर ते म्हणाले की देवळाच्या ओट्यावर बसून शिकलेला माणूस गावात एकच हयात होता. ते स्वतः त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, ओट्यावर बसायचे ते तुम्हीच का? आजोबा म्हणाले, हाव, मीच बसायचो.

"आणि घंटेचं विचारलंत?"

"ते काय इचारायचं? पुस्तकात होतं की."

आता माझी स्थिती इकडे आड तिकडे विहीर. खरं लिहावं तर रिवाज गेला. त्या वर्षी टोल द्यायची पाळी मैत्रिणीच्या भावाच्या नातीची होती. पोरगी दुसरीत. महिनाभर आधीपासून स्टीलच्या ताटावर लाटण्यानं सराव करून घरच्यांचे कान किटवत होती, असं मला फोनवर कळलं होतं. ज्या वस्तीकडे गाव एरवी मान वळवत नाही, तिथे वर्षातून एक सकाळ सगळं गाव चालत जातं, ते या गोष्टीच्या जोरावर. आणि मी, इतिहासाची प्राध्यापक, तिथे जाऊन सांगणार की ती करमणुकीची गोष्ट होती म्हणून? बरं, न लिहावं तर खोट्यावर माझं नाव. तेही दगडावर.

शेवटी मी मैत्रिणीकडे गेले. ती लातूरला सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, क्वार्टरमध्ये राहते. सुटीचा वार होता. ती खाली बसून शेंगा फोडत होती. मलाही पाटावर बसवलं, पुढ्यात शेंगा ओतल्या. मी बोलताना फोडत राहिले, फोलपटं आणि दाणे एकाच सुपात टाकत. कसं सांगावं याची मी वाटभर तयारी केली होती, ती सगळी विसरून एकदम बोलून टाकलं, की तुझ्या आजोबांनी घंटा वाजवलीच नाही गं.

तिनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि फोलपटं वेचायला लागली.

"ते आमच्या घरात सगळ्यांनाच म्हाईत हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आजोबा सांगायचे की. सर घरी आले, इचारलं ओट्यावर बसायचे का, हे हाव म्हनले. खरंच बसायचे. पुढच्या सतराला बघतेत तर सगळं गाव दारात. लेझीम काय, हार काय. आजोबा हात जोडून म्हनले, सर, घंटा मी न्हाई वाजवली. तर तुझे वडील सगळ्यांना म्हनले, बघा, किती नम्र माणूस हाय."

आम्ही दोघीही हसलो. मला हसू आवरेना.

"दरवर्षी म्हनायचे, मी न्हाई. दरवर्षी लोक जास्त टाळ्या वाजवायचे. मग सोडून दिलं त्यांनी. म्हनायचे, वर्साला एकदा गाव आपल्या दारी यायलंय तर येऊ द्या. त्या निमित्तानं पंचायत रस्ता तरी झाडती." मग तिनं माझ्याकडे तिरकं बघितलं. "अन् तू जळायचीस, ते बघून मला लई बरं वाटायचं."

"मी काय लिहू ते सांग."

"घंटेचं काय लिवायचं ते लिव. गोष्ट हाय म्हन, न्हाईतर नको म्हनू. पोरगी ताट बडवून वैताग द्यायलीय, तिला एकदा घंटा बडवू दे म्हंजे झालं." तिनं सूप खाली ठेवलं. "पण सर त्या पोराला आत नेतेत, पहिल्या रांगेत बसवतेत, ते काढ. आजोबाला कुणी आत नेलं न्हाई. ऊन असलं की ओट्यावर, पाऊस असला की शाळा बुडाली. दोन पावसाळे काढले अन् सुटली शाळा. मास्तर त्याची पाटी हातात घेत न्हवते, लांबून बघायचे. हे खरं हाय. हे अजून कुणी लिवलं न्हाई. तेवढं लिव."

मी निघाले तेव्हा तिनं दाण्यांची पिशवी हातात दिली. मी नांदेडच्या गाडीत ती मांडीवर ठेवून विचार करत बसले. लेखकानं मनानं रचलेल्या गोष्टीत पोर बाहेरच बसलं, आणि तसंच झालं होतं. माझ्या वडिलांनी मायेनं त्याला आत नेलं, आणि तसं कधी झालं नव्हतं. आजोबांनी खरं सांगितलं, ते नम्रता म्हणून गेलं. यात चूक कुणाची धरायची ते मला गाडी नांदेडला लागेपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही.

पण लेख लिहिला. घंटेची गोष्ट एका जुन्या बालपुस्तकातली आहे, आपल्या गावानं ती आपली म्हटली आणि तिच्यातून एक चांगला रिवाज निघाला, तो चालू राहावा, असं लिहिलं. त्याखाली आजोबांचं लिहिलं. ओटा, पाऊस, लांबून बघितलेली पाटी, सुटलेली शाळा, आणि त्यांना आत कधीच घेतलं नाही हे. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "घंटेचं मी इचारायला पायजे होतं," आणि पेपर उघडला, पण त्या दिवशी मोठ्यानं वाचला नाही.

अध्यक्षांचा फोन आला. लेख फार छान जमलाय म्हणाले. जागेअभावी थोडा कमी केलाय म्हणाले. मी विचारलं, काय कमी केलं? तर म्हणाले, "ताई, आनंदाचा कार्यक्रम हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही बघाच, फोटू लई झकास आलाय."

सतरा सप्टेंबरला मी गावी गेले. फेरी वस्तीत गेली, रस्ता झाडलेला होता. भावाची नात नवा फ्रॉक घालून पुढे झाली. तिनं दोन्ही हातांनी हातोडी उचलून असा टोल दिला की लिंबावरचे पारवे उडाले. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मला खरोखर आनंद झाला होता, आणि एवढा आनंद व्हावा याचा रागही येत होता. मंचावर अण्णांच्या हस्ते स्मरणिका प्रकाशित झाली. सगळ्यांना एकेक प्रत वाटली.

माझा लेख मधल्या पानांवर होता, माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट. घंटेची हकिकत सुरुवातीपासून तशीच्या तशी, गावचा खराखुरा इतिहास म्हणून. मास्तर पोराचा हात धरतात, त्याला आत नेतात, पहिल्या रांगेत बसवतात. पुस्तकाचा उल्लेख नव्हता. आजोबांचा परिच्छेद होता तिथे खताची जाहिरात होती.

मैत्रीण माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती सावकाश सगळा लेख वाचत गेली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं स्मरणिका मिटली.

"पुस्तकातलं पोरगं आत बसलं बघ, पहिल्या रांगेत," ती म्हणाली. "आजोबा अजून भाईरच हायेत."